काय की, सर!

महाराष्ट्रात नुसतं 'शिरूर' म्हणून भागत नाही. पुण्याकडचं घोडनदीचं शिरूर वेगळं, बीड जिल्ह्यातलं शिरूर कासार वेगळं. आमच्या लातूर जिल्ह्यात तर दोन शिरुरं आहेत. एक अहमदपूर तालुक्यातलं शिरूर ताजबंद आणि दुसरं १९९९ साली स्वतःच तालुका होऊन बसलेलं शिरूर अनंतपाळ. त्यामुळं तालुकास्तरीय विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून या, असं पत्र आलं तेव्हा मी त्यातला 'अनंतपाळ' हा शब्द दोनदा वाचला. तरी सकाळी लातूरच्या स्टँडवर शेजारच्या आजोबांना विचारलंच, "शिरूरची गाडी लागली का हो?"

"कोणतं शिरूर?"

"अनंतपाळ."

आजोबांनी समोरच्या तीन लाल गाड्यांकडं पाहिलं, तंबाखूची चिमूट ओठाआड सारली आणि म्हणाले, "काय की!"

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. 'काय की' हे मराठवाड्याचं उत्तर आहे. 'मला माहीत नाही' यात थोडी शरम असते, 'कोण जाणे' यात थोडा कंटाळा असतो. 'काय की'मध्ये दोन्ही नाही. त्यात विचारणाऱ्यालाही सामील करून घेतलेलं असतं. मला ठाऊक नाही, तुम्हालाही ठाऊक नाही, तर आता काय करायचं बोला. आजोबांनी काय केलं? ते उठले, गुडघ्यावर हात ठेवत तिन्ही गाड्यांच्या पाट्या वाचून आले आणि म्हणाले, "मधली. बसा जावा." निरीक्षण, पडताळणी, निष्कर्ष. त्या दिवसातला पहिला वैज्ञानिक मला प्रदर्शनाच्या आधीच भेटला, हे मला तेव्हा कळलं नाही.

प्रमुख पाहुण्यांच्या ड्रायव्हरनं मात्र कुणाला काही विचारलं नाही. पाहुणे ताजबंदला पोचले.

आता पाहुणे नाहीत म्हणजे उद्घाटन नाही, आणि उद्घाटन नाही म्हणजे विज्ञान सुरू होत नाही. माईकवरच्या सरांनी तसं जाहीरच केलं होतं, "पाहुणे येईपर्यंत कुणीही मॉडेल चालू करू नये." पण फाटकाशी मोटारसायकल दिसली तरी "आले, आले" असा गलका व्हायचा, साठ-सत्तर पोरं एकदम बटणं दाबायची, पंखे फिरायचे, दिवे लागायचे, पंप सुरू व्हायचे आणि मोटारसायकलवरून दूधवाला उतरायचा. असं चार वेळा झालं. पाहुणे खरोखर आले तेव्हा निम्म्या बॅटऱ्यांनी मान टाकली होती.

भाषणं तीन झाली. न्यूटनच्या डोक्यावर सफरचंद तिन्ही वेळा पडलं. एका वक्त्यानं अंधश्रद्धेवर फार पोटतिडकीनं हल्ला चढवला. त्याच्या मागं दोन हातांच्या अंतरावर टेबलावर ठेवलेल्या रोबोटच्या गळ्यात लिंबू-मिरची लोंबकळत होती. भाषणानंतर मी त्या रोबोटच्या मालकाला गाठलं.

"काय रे, हे काय बांधलंस?"

"सर, ते शेजारच्या टेबलावरचं लिंबू हाय. त्यांच्या बॅटरीतलं उरलं म्हणून मम्मीनं बांधलं."

शेजारी खरंच लिंबाची बॅटरी होती. लिंबात जस्ताची एक आणि तांब्याची एक पट्टी खुपसली की आतल्या आम्लामुळं एका व्होल्टच्या आसपास दाब मिळतो. चार लिंबं ओळीनं जोडली की बारीक एलईडी लागतो. एकाच किलोतल्या लिंबांनी एका टेबलावर वीज दिली आणि दुसऱ्या टेबलावर दृष्ट काढली. विज्ञान आणि परंपरा यांचा समन्वय म्हणतात तो हाच असावा.

परीक्षकाच्या हातात गुणपत्रिका असते. हे प्रदर्शन म्हणजे एक शिडी आहे. शाळा, तालुका, जिल्हा, राज्य आणि सगळ्यात वर एनसीईआरटीची राष्ट्रीय बाल वैज्ञानिक प्रदर्शनी. वरून येणाऱ्या निकषांमध्ये सात रकाने आहेत. मुलांची स्वतःची कल्पकता २०, नावीन्य १५, वैज्ञानिक विचार १५, कारागिरी १५, समाजाला उपयोग १५, कमी खर्च आणि टिकाऊपणा १०, सादरीकरण १०. बेरीज १००. कागदावर हे फार सुंदर दिसतं. अडचण एवढीच की कागद हातात धरून माणसाला टेबलांसमोरून फिरावं लागतं.

पहिल्या टेबलावर ज्वालामुखी होता. ज्वालामुखीशिवाय विज्ञान प्रदर्शन म्हणजे गणपतीशिवाय लग्नपत्रिका. मातीचा डोंगर, पोटात बाटली, बाटलीत खाण्याचा सोडा आणि कुंकू, वरून व्हिनेगर. फसफसून लाल लाव्हा बाहेर आला आणि खालच्या थर्मोकोलच्या गावावरून वाहत गेला. राज्यात २०१८ साली प्लॅस्टिक आणि थर्मोकोलवर बंदी आली. ते गाव 'प्लॅस्टिकमुक्त आदर्श गाव' या मागच्या वर्षीच्या मॉडेलातलं असल्याचं पाटीवरून कळत होतं.

"हा ज्वालामुखी कुठला?" मी विचारलं.

"जपानचा, सर."

"आपल्याकडं नाही?"

"नाही सर. आपल्याकडं फक्त सोयाबीन."

तो पोरगा ज्या जमिनीवर उभा होता ती, शाळेचा पाया, बाहेरची विहीर आणि ज्या काळ्या रानात त्याचं सोयाबीन उगवतं ते रान, सगळं लाव्हाचंच. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन भेगाळून लाव्हा थरांवर थर ओतत गेला, त्याचा काळा पाषाण झाला आणि पाषाण झिजून काळी माती झाली. जवळपास अख्खा मराठवाडा ज्वालामुखीच्या ताटात वाढलेला आहे. पण ते जपानचं असल्याशिवाय प्रदर्शनात मांडता येत नाही.

पुढं जेसीबी. हेही अटळच. पुठ्ठ्याचा हात, चार इंजेक्शनच्या सिरिंजा, मधे सलाईनची नळी आणि आत निळं पाणी. एक दट्ट्या दाबला की दुसरा वर येतो. पास्कलचा नियम. पास्कल सतराव्या शतकातला फ्रेंच माणूस. आपल्या नियमाचा उपयोग पुढं मराठवाड्यात निवडून आलेल्या उमेदवारावर गुलाल उधळायला होणार आहे, हे त्याला कुणी सांगितलं असतं तर त्यानं गणितच धरलं असतं. असे जेसीबी मी सहा मोजले. सातव्या टेबलावरच्या पोरांनी नावीन्याच्या १५ गुणांवर डोळा ठेवून त्याला पोकलेन म्हटलं होतं.

मग 'मोफत वीज'. मोटार डायनॅमो फिरवते, डायनॅमोची वीज मोटार फिरवते आणि हे असं अनंतकाळ चालतं. पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं १७७५ सालीच ठरवून टाकलं होतं की आपोआप सदैव चालणाऱ्या यंत्राचा एकही प्रस्ताव यापुढं तपासणार नाही. तो ठराव आमच्या तालुक्यात अजून पोचायचा आहे. मी टेबलावरचं कापड वर केलं. खाली नऊ व्होल्टचा सेल होता.

"हा कशाला?"

"सुरुवातीला ढकलायला, सर."

"आणि मग?"

"मग... मधूनमधून ढकलायला."

पोरगं प्रामाणिक होतं. पण त्याच्या मागं उभे असलेले सर माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "यूट्यूबवर चालतंय हो सर. इथंच काहीतरी लूज हाय."

भूकंपाची सूचना देणारं यंत्र लातूर जिल्ह्यातल्या प्रदर्शनात असतंच, आणि त्याला हसू नये. किल्लारी इथून लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन छप्पन्नला काय झालं ते इथल्या घराघरात माहीत आहे. हे पोरगं त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी जन्मलेलं. त्यानं लोंबता खिळा, त्याभोवती तांब्याची कडी आणि एक भोंगा असं साधं यंत्र केलं होतं. खिळा हलून कडीला टेकला की भोंगा. पण टेबल शाळेचं, त्याचा एक पाय आखूड. येणारा प्रत्येक जण टेबलाला हात टेकवून वाकायचा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत शिरूर अनंतपाळला चाळीसेक भूकंप होऊन गेले होते. शेवटी पोरानं टेबलावर पाटी लावली, 'कृपया भूकंप करू नये.'

एका टेबलावर मेणबत्तीचा प्रयोग होता. ताटलीत पाणी, मधे जळती मेणबत्ती, वरून उपडा पेला. मेणबत्ती विझते आणि पाणी पेल्यात वर चढतं. मुलीनं एका दमात सांगितलं, "ऑक्सिजन जळून जातो, हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के असतो, म्हणून पाणी एक पंचमांश चढतं." हे उत्तर मीही बत्तीस वर्षं शिकवलं आहे. त्या दिवशी पहिल्यांदा मी मेणबत्तीकडं नीट पाहिलं. ऑक्सिजन हळूहळू संपत असेल तर पाणीही हळूहळू चढायला हवं. ते तर मेणबत्ती विझल्यावर भसकन चढलं. म्हणजे मुख्य काम तापून फुगलेल्या हवेचं. ती गार होऊन आकसते आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. जळताना ऑक्सिजनच्या जागी दुसरा वायू तयार होतो, हे तर आम्हीच शिकवतो. मुलीला मी विचारलं, "पाणी विझल्यावरच का चढलं गं?" ती एक क्षण थांबली. तिच्या ओठावर 'काय की' आलेलं मला स्पष्ट दिसलं. तेवढ्यात मागून मॅडम हळूच "एकवीस टक्के" असं पुटपुटल्या आणि तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

इथं माझ्या लक्षात आलं की प्रत्येक टेबलामागं एक सर किंवा मॅडम उभे आहेत, आणि त्यांचं काम पोराच्या तोंडून 'काय की' निसटू न देणं हे आहे. पोरं पाठ केलेलं धडाधड म्हणायची. मधेच अडवलं तर कॅसेट गुंडाळून पुन्हा "आदरणीय परीक्षक महोदय" पासून.

बारा वाजता लाईट गेली. डीपी जळाला, अशी बातमी आली. एका क्षणात सौरऊर्जा, पवनऊर्जा, स्मार्ट सिटी, स्वयंचलित ठिबक आणि 'वीज बचतीचे महत्त्व' हे सगळं बंद पडलं. सौरऊर्जावाल्यांचं का बंद पडलं, असा प्रश्न तुम्हाला पडेल. मलाही पडला. त्यांचं पॅनेल शोभेचं होतं, वायर भिंतीतल्या प्लगला होती. अंधारात कुणीतरी ओरडलं, "उजेडची पोरं कुठायत? बोलवा की!" उजेड हे याच तालुक्यातलं गाव. तिथं दर जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला गांधीबाबांची यात्रा भरते. महात्मा गांधींच्या नावानं यात्रा भरवणारं दुसरं गाव मला तरी ठाऊक नाही. उजेडची पोरं आली, पण त्यांचाही जेसीबीच होता.

अशा वेळी कामाला आले प्रयोगशाळा परिचर. आपल्या राज्यातल्या विज्ञान प्रदर्शनात एक फार मोलाची गोष्ट आहे. विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या गटांबरोबर प्रयोगशाळा परिचरांचाही वेगळा गट असतो. एरवी ज्यांना आम्ही "अहो, ते बीकर आणा" एवढंच म्हणतो, त्यांना इथं टेबल मिळतं, आणि त्यावर त्यांनी मोडक्या वस्तूंतून केलेलं साहित्य असतं. त्यातल्या एका परिचरांनी खिशातून टेस्टर काढला, कुठलं एक्स्टेंशन कुठल्या एक्स्टेंशनला आणि ते कुठल्या तिसऱ्याला जोडलंय हे जमिनीवर रांगत शोधलं आणि कपाळावरचा घाम पुसून म्हणाले, "डीपी-बिपी काय नाही. फ्यूज उडालाय. एका बोर्डावर अकरा पिना." फ्यूजची तार बदलली, लाईट आली, टाळ्या पडल्या. त्या दिवसातला हा दुसरा वैज्ञानिक. त्यांनाही आधी कुणीतरी "काय झालं हो?" विचारलं होतं आणि तेही "काय की, बघतो" म्हणूनच खाली वाकले होते.

सगळ्यात शेवटी, चपलांच्या ढिगाजवळ, एक टेबल होतं. त्या टेबलाला वीज लागत नव्हती म्हणून जागा बोर्डापासून लांबची मिळाली होती. वर दिवा नाही, पंखा नाही, 'बहुउद्देशीय' अशी पाटी नाही. एक कापलेली दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, एक प्लॅस्टिकची पट्टी आणि एक वही. मागं जिल्हा परिषद शाळेची नववीतली मुलगी. तिच्यामागं कुणी सर नव्हते. ते बहुतेक जेवायला गेले असावेत, आणि ही तिची त्या दिवसातली सगळ्यात मोठी सोय ठरली.

"हे काय?"

"पाऊस मोजायचं, सर."

बाटली खांद्यापाशी कापून वरचा भाग उलटा आत बसवलेला. त्याचं नरसाळं झालं आणि आतलं पाणी उन्हानं उडून जायचंही कमी झालं. बाटलीच्या बुडाला खळगे असतात, म्हणून तिथं सिमेंट ओतून तळ सपाट केलेला आणि पट्टीचा शून्य तिथून धरलेला. मी वही उघडली. जूनपासून रोज सकाळी आठला एक ओळ. तारीख, मिलिमीटर, शेरा. एका ओळीत लिहिलं होतं, 'मोजलं नाही. ताप आला.' दुसऱ्या एका ओळीत, 'शेळीनं पाडली. आकडा धरू नये.'

सबंध प्रदर्शनात आपल्या चुकांची नोंद ठेवणारं हे एकच टेबल होतं.

"एक मिलिमीटर म्हणजे किती पाणी गं?"

"एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक लिटर. आमच्या एका एकरावर चार हजार लिटर, जरा जास्तच. तीन मिलिमीटर पडला की एक टँकर."

पाण्याचा हिशोब टँकरमध्ये करणारी ही आमची पिढीजात पद्धत. मी मनातल्या मनात पुढचा हिशोब केला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हा पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. देशभर बातम्या झाल्या. या मुलीच्या बाटलीच्या भाषेत ते म्हणजे दहा एकरांवर जेमतेम बारा मिलिमीटर. पावसाची एक बरी सर. आणि २०२५ च्या सप्टेंबरात त्याच जिल्ह्यात उभी पिकं पाण्यात गेली. तहान आणि पूर यांच्यात नऊ वर्षांचं अंतर, आणि दोन्ही एका कापलेल्या बाटलीत मोजता येतात.

वहीच्या शेवटी एक पान होतं. आपला आकडा आणि महसूल मंडळाचा आकडा, शेजारी शेजारी. एका दिवशी तिचा आकडा पासष्टच्या वर होता आणि मंडळाचा पासष्टच्या खाली. चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी. नुकसानभरपाईची गाडी त्या आकड्यावरून हलते, हे इथं पाचवीतल्या पोरालाही कळतं.

"हा फरक का?"

मी वाट पाहत होतो की आता ती व्यवस्थेवर भाषण करेल. मागच्या आठ टेबलांवर तेच झालं होतं.

"काय की, सर," ती म्हणाली. मग जरा विचार करून, "तिथं पाऊस कमी पडला असंल. नाहीतर माझी बाटली चुकली असंल. गोठ्याच्या पत्र्याजवळ ठेवली होती, पत्र्याचं पाणी उडून आत पडलं असंल. म्हणून मग दुसरी बाटली रानात मोकळ्यावर ठेवली."

"मग?"

"तिच्यात कमी निघतंय. पण लै कमी नाय."

मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा पीत आणि चुरमुऱ्यांचा सुशीला खात आम्ही तिघा परीक्षकांनी बेरजा केल्या. मी त्या बाटलीचं नाव काढलं. पहिले म्हणाले, "त्यात मॉडेल कुठंय? नुसती वही हाय." दुसरे म्हणाले, "आणि मंडळाचा आकडा म्हणजे तहसीलचं प्रकरण. उगं विज्ञानात नगं." मी म्हटलं, कल्पकतेचे वीस तरी द्या. ते म्हणाले, दिले असते, पण तिला विचारलं फरक का, तर म्हणाली काय की. सादरीकरणात मार खाल्ला ना पोरीनं.

पहिला नंबर पोकलेनचा आला. बाटलीला उत्तेजनार्थ. ते मिळवायला मला सुशीलाची दुसरी बशी संपेपर्यंत भांडावं लागलं.

निघताना ती फाटकाशी दिसली. एका हातात प्रमाणपत्र, दुसऱ्या हातात बाटली, काखेत वही. मी म्हटलं, "मोजणं सोडू नको." तिनं मान हलवली आणि लगेच वही उघडली.

"सर, तुम्ही लातूरचे ना? त्या पासष्टच्या दिवशी तुमच्याकडं किती पडला?"

बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलेला, गुणपत्रिका खिशात असलेला मी, त्या दिवशी गॅलरीत बसून गरम भजी खात पाऊस बघत होतो.

"काय की," मी म्हणालो.

तिनं पेन काढलं, त्या तारखेसमोर रकाना आखला आणि लिहिलं, 'लातूर: नोंद नाही.'